भीती उतरवणारी गोळी

नर्सच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि नऊ वर्षांच्या वेदिकाने किंचाळून तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. मालिनीने लेकीचा जबडा कसाबसा सोडवला.

"बाप मेल्यापासून असंच," ती डॉक्टर सलीलना म्हणाली. "बांगडी वाजली की अंगावर धावते. झोपेत बोंबलते. पण शब्द म्हणून फुटत नाय."

वैशाखात पूर्णगडच्या कलमांच्या बागेत तिचा नवरा आत्माराम कोयत्याने तोडला गेला होता. एक घाव मानेवर, एक गालावर, हाताची बोटं पार उडालेली. आंब्याच्या पेट्या रक्ताने भिजल्या होत्या आणि त्यांच्यामागे वेदिका सापडली होती. बागेच्या दगडी गडग्यावरून भांडणारा त्याचा भाऊ भिकाजी गावाने आधी दात पडेपर्यंत बडवला, मग फौजदाराच्या ताब्यात दिला.

मयताला गावातल्या म्हाताऱ्या बायका मालिनीच्या बांगड्या फोडायला गेल्या, तर हात आधीच मोकळे, मनगटं कापलेली. दुःखाने बिचारीने स्वतःच आपटून घेतल्या, असं म्हणून त्या जास्तच रडल्या. आईचे मोकळे हात बघून पोरीने बांगडीचा धसका घेतला, हेही त्यांनीच ठरवलं. गावाला निदान करायला डॉक्टर लागत नाही!

मालिनीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. लेक झोपेत ओरडली की ती धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवायची.

"गोळीने विसरंल ना ती सगळं?" तिने विचारलं.

"आठवण मेंदूत पक्की बसते ती पेशींवरच्या रिसेप्टरमुळे," डॉक्टर म्हणाले. "त्या दाराच्या कड्या समजा. जुनी आठवण काढली की ती थोडा वेळ पुन्हा कच्ची होते. तेवढ्यात या गोळीने एक कडी लावून ठेवायची. मग भीती पूर्वीसारखी घट्ट बसत नाही. निदान तशी आशा आहे. घडलेलं मात्र पुसत नाही हं."

मालिनीने त्यातलं हवं तेवढंच ऐकलं.

दर सोमवारी ती रत्नागिरीला येई. गोळी द्यायची, मग वेदिकाला बागेचं चित्र काढायला बसवायचं. सुरुवातीला पोर लाल खडू कागदावर इतकी आपटायची की कागद फाटून खडूचा भुगा व्हायचा. एकदा तिने तोच खडू डॉक्टरांच्या हातात खुपसला. पुढे हळूहळू हात थांबला, ओरडणं गेलं. एका सकाळी ती चक्क म्हणाली, "आये, पेज दे." मालिनीने तिला उराशी धरलं, देवाला नारळ फोडला. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

पोर बोलू लागल्याचं डॉक्टरांनी फौजदाराला कळवलं. पुढच्या सोमवारी तो दवाखान्यात आला, सोबत भिकाजीची बायको गोदा. तिच्या बांगड्या वाजल्या. वेदिकाने मानही वर केली नाही. मालिनी निश्चिंत हसली.

"बाळा, काकांना बघितलंस तू तिथे?" फौजदाराने विचारलं.

"काका नव्हते."

"इचारा बिनधास्त," मालिनी म्हणाली. "तिला काय्येक आठवत नाय."

वेदिकाने आईचा हात शांतपणे हातात घेतला आणि मनगटावरच्या पांढऱ्या व्रणावर बोट ठेवलं.

"आठवतं की. हे बाबांना कोयता मारताना हातातल्या बांगड्या फुटल्या ना, तेव्हा लागलं आयेला."