ब्रँडीचं परमिट

डॉक्टरांनी अशक्त हृदयासाठी रोज दोन चमचे ब्रँडी सांगितली आणि जन्मात थेंब न चाखलेल्या मार्तंडरावांना दारूबंदीच्या कचेरीत खेटे घालून परमिट काढावं लागलं. घाटकोपरच्या चाळीत तेवढ्यावरून ते दारुडे ठरले. त्यांच्या मुलीला, जयंतीला, आलेली स्थळं परत जाऊ लागली.

मुलुंडच्या स्थळापासून मात्र काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मुलाच्या वडिलांना गॅलरीत नेऊन त्यांनी थकल्या आवाजात सगळं सांगितलं. "आता तुम्ही म्हणाल तसं."

ते गृहस्थ आत बसलेल्या बायकोकडे एकदा बघून हळूच म्हणाले,

 

"मुलगी पसंत आहे हो. फक्त त्या डॉक्टरांशी माझी ओळख करून द्या."