कठडा

"हवालदारांच्या नावानं चौकात कमान उभारू!" शोकसभेत नगराध्यक्षांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या.

अनसूयाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांचे यजमान हवालदार दौलतराव फौजेतून परतल्यापासून नदीत बुडणाऱ्यांना वाचवत आले होते. मोडक्या घाटाला कठडा बांधा म्हणून नगरपालिकेत खेटे घालताना त्यांच्या चपला झिजल्या. "बघू," एवढंच ऐकायला मिळायचं. परवा त्याच घाटावरून घसरलेल्या मुलीला त्यांनी काठाला लावलं. ते स्वतः मात्र वर आलेच नाहीत.

अनसूयाबाई तडक माइकपाशी गेल्या. "टाळ्या कसल्या वाजवता? कमान होते, मग कठडा का झाला नाही? लढाईतून धडधाकट परत आलेला माझा माणूस तुमच्या 'बघू'नं मारला!"

नगराध्यक्षांनी अंगावर घातलेली शाल खुर्चीवर टाकून त्या घाटाकडे निघाल्या. वाचलेल्या मुलीची आई उठली, मग अख्खा मंडप उठला. संध्याकाळपर्यंत घाटावर बांबू रोवून दोर ताणले गेले.

तेवढ्यात नगराध्यक्षांचा माणूस आला. "साहेब विचारतात, उद्घाटनाला कधी येऊ?"

"आत्ताच या म्हणावं," दोराची गाठ आवळत अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि येताना सिमेंटची पोती घेऊन या."