साधा कॉल

लेक परदेशात बाळंत झाली होती. नातीचं तोंड दिसणार, तेवढ्यात व्हिडिओ कॉल पुन्हा अडकला.

तपासणीला आलेला इंटरनेटवाला म्हणाला, "मावशी, तुमचा प्लॅन साधा आहे. महागड्या प्लॅनवाल्यांना कंपनी आधी वाट देते."

कुमुदताईंना चाळीस वर्षांपूर्वीचा, टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर असतानाचा आपला बोर्ड आठवला. तिथेही जास्त पैशांचे अर्जंट कॉल आधी, साधे मागे. एकदा साधा कॉल बुक केलेला एक माणूस म्हणाला होता, "बाई, आईचं काही खरं नाही. एकदा बोलू द्या." त्यांनी एका कारखानदाराचा अर्जंट कॉल मागे ठेवून त्याला जोडून दिलं. त्याबद्दल मिळालेला मेमो त्यांनी अजून जपून ठेवलाय.

"तिकडे ड्यूटीवर कोण आहे आज?" त्यांनी विचारलं. "फोन लावून द्या, मी बोलते."

तो ओशाळला. "तिकडे कुणीच नसतं, मावशी."