मूळ संख्या आणि शेळ्या

"मॅडम, कॉलेज सोडायच्या अर्जावर सही हवी होती," पशुवैद्यकाच्या वर्गातली रुक्साना मुजावर म्हणाली. संगणकाच्या विषयात ती दुसऱ्यांदा नापास झाली होती.

उंबरजेबाईंनी अर्ज बाजूला ठेवला. पहिल्या वर्षाची अडीचशे मुलं त्यांच्याकडे हा विषय शिकायची आणि दरवर्षी ऐंशी-नव्वद त्यात अडकायची. "अगं, अडतं कुठे?"

"मूळ संख्या शोधणारे प्रोग्रॅम लिहून मला करायचं काय, मॅडम?"

"मग तुला काय शोधायचंय?"

"कॉलेजच्या गोठ्यातली कुठली शेळी आजारी पडणारे, ते."

बाईंनी तिला शेळ्यांच्या वजनांची वही आणायला लावली. दुपारभर दोघी संगणकापुढे बसल्या. वजन उतरत चाललेल्या शेळ्या निवडणारा चौदा ओळींचा प्रोग्रॅम रुक्सानानं स्वतः लिहिला. पडद्यावर तीन नंबर उमटले. ती तशीच गोठ्याकडे धावली आणि धापा टाकत परतली.

"एकतीस नंबरला ताप आहे, मॅडम! डॉक्टरांना बोलावलंय."

सत्राअखेर रुक्साना पास झाली. मग विभागाच्या बैठकीत बाईंनी नवा अभ्यासक्रम मांडला. पहिलं प्रकरण, शेळ्यांची वजनं.

"आणि मूळ संख्या?" विभागप्रमुखांनी विचारलं. "पंधरा वर्षं तुम्हीच शिकवल्यात."

"शिकवल्या," बाई म्हणाल्या. "पण त्या सापडल्या म्हणून एकही मूल धावत सुटलेलं पाहिलं नाही."