पाण्यातलं मीठ

मालननं चौथा चमचाही थुंकून टाकला. ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि आईच्या मांडीवर नुसतीच पडून राहिली. रडायचंही सोडून दिलं होतं तिनं.

नंदानं चमचा खाली ठेवला. दीड वर्षाची पोर दोन दिवस जुलाबानं पिळून निघाली होती. काल ठाण्याला दवाखान्यात नेली, तेव्हा सिस्टरनं समोर बसवून नीट सांगितलं होतं, "एक लिटर उकळलेलं पाणी, एक सपाट चमचा मीठ, आठ चमचे साखर. थोडं थोडं पाजत राहा. उद्या संध्याकाळपर्यंत तरतरी नाही आली, तर भरती करू."

आता त्या उद्याची दुपार झाली होती. नवरा, उत्तम, डोंबिवलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. तो यायला अजून दोन-तीन तास होते.

नंदानं सगळं मोजून केलं होतं. उलट जास्तच. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्यांच्या चाळीत चार दिवस नळाला टिपूस नव्हता. सगळे बोअरिंगचं मचूळ पाणी वापरत होते. सिस्टरनं दहा मिनिटं उकळायला सांगितलं होतं, पण असलं पाणी लेकराला पाजायचं म्हणून तिनं ते पाऊण तास स्टोवर रटरटवलं. पाणी निम्म्यावर आलं. मग वर तेच बोअरिंगचं पाणी तेवढंच आणखी ओतलं आणि पुन्हा उकळलं. मीठ-साखर घालून चाखलं तेव्हा ते खारट लागलं होतं. पण मीठ घातलंय म्हटल्यावर खारट लागणारच, असं तिला वाटलं.

दारात सावली पडली. डोक्यावर सुकटीची टोपली घेऊन मनुबाई उभी होती. दिव्याच्या जुन्या वस्तीतली ही कोळीण, दोन दिवसांआड चाळीत फिरायची. नंदानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. चार दिवसांपूर्वी ती हंडा घेऊन गावच्या विहिरीवर गेली होती, तेव्हा याच मनुबाईनं तिला अडवलं होतं. "गावाचं पानी हाय ह्ये. चालीला दिलं तं गाव काय पिल?" आणि नंदा रिकामा हंडा घेऊन परतली होती.

"सुकट नको, मावशी."

"पोरगी का आली नाय दारात?" मनुबाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टोपली उतरवून आत आली. मालनच्या पोटाची कातडी तिनं चिमटीत धरून सोडली. सुरकुती तशीच राहिली.

"मुतली कवा?"

"काल रात्री."

मनुबाईनं पेला उचलला, घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"मीठ किती टाकलंस?"

"सिस्टरनं सांगितलं तेवढंच. एक चमचा."

"आन् पान्यात होतं ते कोनी मोजलं?"

"पण मी ते पाऊण तास उकळलंय, मावशी. दोनदा."

मनुबाईनं स्टोवरचं पातेलं जवळ ओढलं. आतल्या कडेला पांढरी रेघ सुकली होती. नखानं ती खरवडली आणि बोट नंदापुढे धरलं. "चाख."

नंदानं चाखलं. जीभ आक्रसली.

"माजी हयात मिठागरावर गेली, पोरी. उनानं तापू दे नायतर स्टोवर तापू दे, पानी तेवडं जातं. मीठ कुटं जातंय? जितकं आटवलंस तितकं दाट झालं."

नंदानं मालनला छातीशी धरलं. "सकाळपासून मी तिला… माझ्या हातानं…"

"मागनं रड. ते सगलं ओतून दे आन् पातेलं घास."

टोपली तिथंच टाकून मनुबाई बाहेर पडली. अर्ध्या तासानं आली ती कमरेवर विहिरीच्या पाण्याची भरलेली कळशी घेऊन. विहिरीवर बायकांनी तिला हटकलं, आवाज चढले, हे नंतर चाळीत कळलं. तिनं त्यांना काय उत्तर दिलं, ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

नंदानं पाणी मोजून घेतलं आणि दहाच मिनिटं उकळलं. परातीत ओतून निववलं. मीठ सपाट चमचा. साखर आठ. मनुबाईनं मालनला आपल्या मांडीवर घेतलं. पहिला चमचा ओठांवरूनच ओघळला. मनुबाई थांबली. दुसरा चमचा तिनं नुसता ओठांना टेकवून धरला. मालनची जीभ हळूच बाहेर आली, चाटून आत गेली. तिसऱ्याला तिनं तोंड उघडलं.

मग चमच्यामागून चमचा. मध्ये एकदा पोरीनं ओकलं. मनुबाईनं तोंड पुसलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा चमचा उचलला.

पाचच्या सुमाराला उत्तम धावतच आला. "नेऊ या का दवाखान्यात? रिक्षा थांबवलीय."

"नेऊ. मीपन येतं संगं," मनुबाई म्हणाली. "एवडी वाटी संपू दे."

वाटी संपत आली आणि मनुबाईचा हात मध्येच थांबला. तिच्या लुगड्यावर ओल पसरत होती. बघता बघता धार लागली, खाली फरशीवर ओघळली. मालन डोळे उघडून तिच्या नथीकडे बघत होती.

"अगं बाई!" नंदा झेपावली. "द्या इकडे, मावशी. सगळं भिजलं की तुमचं. थांबा, मी माझं कोरडं लुगडं देते."

मनुबाई हलली नाही. तिनं पोरीला दोन्ही हातांनी आणखी जवळ घेतलं. मग दारात उभ्या असलेल्या उत्तमकडे बघत ती हळूच म्हणाली,

"ऱ्हाऊ दे गो. माज्या लेकानं, राघोनं, जुलाबात येकदा आसं भिजवलं आसतं, तं तो आज ह्याच्याएवडा आसता."