रिकामी जीप

पाच पैलवान मागे बसले, तरी जीपने हूं की चूं केलं नाही. गणपतरावांनी तिला खाणीकडच्या खाचखळग्यांतून पिटाळत नेलं आणि तशीच परत आणली. पैलवान डुलत गेले, डुलत आले. एकाचा तर डोळाच लागला होता.

"ह्याला म्हणत्यात गाडी," गणपतराव उतरत म्हणाले.

गॅरेजवाल्या गुंडूने मान डोलावली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजात त्या दिवशी विकायला दोनच गाड्या होत्या. एक काळी मोटार, गादीवर बसलं तर उठू नये अशी. पण ती इतकी बुटकी, की गारगोटीच्या पुढे गणपतरावांच्या गावाला जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर पहिल्याच धोंड्याला तिचं पोट फाटलं असतं. दुसरी ही लष्कराच्या लिलावातली जीप. पत्रा जाड, चाकं उंच, आणि आधीच्या मालकाने उसाचं बेणं वाहायला मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा पाटे घातलेले. गणपतरावांनी तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या. वस्तू कुठलीही असो, ती वजनाने पारखायची एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून तर शेजारच्या तालमीतले पाच गडी त्यांनी गोडीगुलाबीने उठवून आणले होते.

गाडी काही हौसेची नव्हती. गॅरेजच्या दारातल्या बाकड्यावर त्यांची बायको चिमणाबाई बसली होती. लुगड्यावरून कमरेला डॉक्टरांनी दिलेला रुंद पट्टा आवळलेला, चेहरा पदराआड. तिच्या पाठीचा मणका आजारी होता. दर आठवड्याला कोल्हापूरला येऊन सुई टोचून घ्यायची, त्यात खंड पडला तर ही बाई पुन्हा उभी राहायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. औषधाला गुण होता. जीव काढत होता तो रस्ता. मागच्या खेपेला एसटीत ती कण्हायला लागली आणि अख्खी गाडी माना वळवून बघत बसली. घरी गेल्यावर तिने सांगून टाकलं, आता मी येणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. परतताना आपल्याच गाडीतून नेतो, असा शब्द दिला तेव्हा कुठे ती आज आली होती.

गणपतरावांना तिचं कण्हणं सोसत नव्हतं, आणि लोकांचं बघणं तर त्याहून नाही. ती आजारी पडल्यापासून भेटायला आलेल्या आयाबायांना ते उंबऱ्यावरूनच परतवून लावत. निजलीया, म्हणून सांगत. माणूस वाईट नव्हता. चारचौघांत बायकोची आब राहावी, एवढंच त्याला वाटायचं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, आपली स्वतःची गाडी घ्यायची, दणकट, आणि तिच्यात चिमणाबाईशिवाय कुणी बसायचं नाही.

पैलवान उतरून चहाला गेले. गणपतरावांनी मागच्या फळीवर वाकळ अंथरली, चिमणाबाईला हात धरून बसवलं आणि त्याच वाटेला जीप घातली.

पहिल्या खड्ड्यालाच जीपने मागून लाथ झाडली. दुसऱ्याला चिमणाबाई फळीवरून उडाली आणि धाडकन खाली आपटली. तिच्या तोंडून मात्र आवाज आला नाही. गणपतरावांनी वळून बघितलं तर तिने पदराचा बोळा दातांत धरला होता. त्यांनी जीप थांबवली.

पावलापावलाने ते परत आले आणि गुंडूवर उखडले. गुंडूने शांतपणे ऐकून घेतलं.

"पाटं वजनाचं हायती, गणपतराव. भरली गाडी दबून चालती, रिकामी उडवून टाकती. तुमी पैलवान आणलासा, मला वाटलं माल वाहायचाय."

जादा पाटे काढून टाक, असं गणपतराव म्हणाले. काढले तर तुमच्या रस्त्याला गाडी पावसाळाही बघायची नाही, असं गुंडू म्हणाला. काळ्या मोटारीचा तर विषयच नव्हता. आज ही इथून कशी न्यायची आणि पुढच्या आठवड्याला कशी आणायची, एवढंच गणपतरावांच्या डोक्यात फिरत होतं. शेवटी गुंडूनेच तोड काढली. मागे वाळूची पोती टाकायची. गाडी दबून राहील, बाईंना धक्का लागायचा नाही.

गणपतरावांचा चेहरा उजळला. आत्ताच्या आत्ता भरू या म्हणून ते निघालेसुद्धा.

"वाळू कशाला?" चिमणाबाई जीपमधूनच म्हणाली. "नाक्यावर एसटीची वाट बघत माणसं उभी असत्यात की."

गणपतराव मागे फिरले. तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "माणसं बघत बसत्यात. काय झालंय, कुठं दुखतंय, सगळं इचारत्यात."

"इचारू द्यात," चिमणाबाई म्हणाली. "मला बी कुनाला तरी सांगायचं हाय."

गणपतरावांनी गुंडूला जीपचे पैसे मोजून दिले. मग पुढे जाऊन बसले आणि पावलापावलाने जीप बाहेर काढली.

शहराबाहेर, गारगोटीला जाणाऱ्या रस्त्याच्या नाक्यावर सात-आठ माणसं ताटकळत होती. दोन म्हाताऱ्या, भाजीच्या बुट्ट्या घेतलेल्या बायका, एक मास्तर. गणपतरावांनी जीप कडेला घेतली खरी, पण माणसांना हाक कशी मारावी ते काही त्यांना कळेना. ते समोर बघत राहिले.

मागे चिमणाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला, फळीला धरून कशीबशी एका अंगाला सरकली आणि बाहेर तोंड काढून म्हणाली, "कुठं जायाचं, पावणं?"