कामाचा डोळा

"उजव्याचा नंबर एक, डाव्याचा तेरा," चष्मेवाला म्हणाला. "मावशी, तुमचे डोळे सख्खे भाऊ नाहीत. सावत्र आहेत."

"सावत्रानंच घर चालवलं," रफूवाली म्हणाली.

ती उंच खुर्चीत बसली होती. नाकावर तपासणीची जड चौकट. शेजारी स्टुलावर तिची लेक, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली.

तक्रार लेकीनंच सांगितली. गेल्या आठवड्यात आईला जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, गुडघा फुटला. परवा डावीकडून सायकल येत होती, तर ही सरळ तिच्या अंगावर चालत गेली.

"वर सायकलवाल्यालाच म्हणते, दिसत नाही का रे!"

"त्याला दोन्ही डोळे चांगले होते ना," आई म्हणाली. "मग त्यानं बघायचं."

चष्मेवाला हसला. मग त्यानं उपाय सांगितले. दोन्ही काचा पूर्ण नंबरच्या घातल्या, तर एका डोळ्याला माणूस मोठा दिसेल, दुसऱ्याला लहान. डोकं धरेल, पायरी आणखीनच हुकेल. डाव्या डोळ्यात रोज लेन्स घातली, तर ही भानगड राहणार नाही. नाहीतर ऑपरेशन. डोळ्यात कायमचं भिंग बसवायचं.

"ऑपरेशनच करू," लेक म्हणाली. "एकदा काय तो सोक्षमोक्ष."

"आणि मग जवळचं?" आईनं विचारलं.

"जवळचं चष्म्यानं दिसेल. सगळ्यांना दिसतं तसं."

सगळ्यांना दिसतं तसं दिसून तिचं भागणार नव्हतं. डाव्या डोळ्याला रस्त्यावरचं माणूसही ओळखू येत नसे. पण उजवा मिटून कापड डोळ्यापासून चार बोटांवर धरलं, की त्यातला एकेक धागा तिला सुतळीएवढा दिसे. जळालेल्या कोटाचं भोक ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतले धागे काढून विणून काढी, एक वरून, एक खालून. भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाच सापडत नसे. इतर रफूवाले भिंग लावून लावून थकले आणि उठले. त्यांनी नाही म्हटलेलं काम तिच्याकडे येई. तीस वर्षं.

"ती लेन्स काढता येते ना?" तिनं विचारलं.

"येते की. बाहेर पडताना घालायची, कामाला बसताना काढायची."

"मग तीच द्या. डोळा रस्त्याला उसना दिला तरी चालेल. घरी आल्यावर माझा मला परत मिळाला पाहिजे."

तिचा चेहरा उजळला. लेकीनंही मान डोलावली. चष्मेवाल्यानं उजव्या बाजूला काळी चकती घातली, डाव्या बाजूला काच चढवली आणि समोरची पाटी वाचायला सांगितली.

तिनं वरची दोन अक्षरं वाचली. पुढच्या ओळीवर थांबली.

"ही ओळ वाकडी छापलीय तुमची."

त्यानं काच बदलली.

"अजून वाकडीच. मधलं अक्षर तर पुसून गेलंय. पाटी बदला आता, दुकान जुनं झालं."

या वेळी तो हसला नाही. त्यानं तिच्या नाकावरची चौकट काढली आणि खणातून एक कार्ड काढून तिच्या हातात दिलं. कार्डावर बारीक चौकटी होत्या, गणिताच्या वहीत असतात तशा.

"तुम्ही कापड धरता तसं धरा."

तिनं उजवा डोळा मिटला आणि कार्ड चार बोटांवर आणलं.

"हेही तसलंच. उभ्या रेघा मधेच वाकल्यात. हल्लीच्या कापडासारख्या."

"कसलं कापड?"

"हल्ली कापडच वाकडं विणतात हो. सहा महिने झाले. आधी रफूला जोर लावून बघितला, धागा काही ओळीत बसेना. शेवटी तीन कोट परत पाठवले. म्हटलं, मूळ वीणच धड नाही, तर मी काय करू?"

"आता डावा मिटा," चष्मेवाला म्हणाला. "जरा लांब धरा आणि उजव्यानं बघा."

तिनं बघितलं. मग पुन्हा डाव्यानं बघितलं. मग पुन्हा उजव्यानं. कार्ड आडवं करून बघितलं.

लेक तोवर फोनवर काहीतरी बघत होती. "मग लेन्स कधीपर्यंत मिळेल?" तिनं विचारलं.

"लेन्सचं राहू द्या." चष्मेवाल्यानं आपली खुर्ची लेकीकडे सरकवली आणि आवाज खाली आणला. "हे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं आहे. एवढ्या मोठ्या नंबरात पडदा ताणला जातो. मी चिठ्ठी देतो, आजच मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"पण मग ऑपरेशन करून—"

"पुढं कुठलंही भिंग बसवा, रेघ वाकडीच दिसणार. बिघडलंय ते बहुतेक नीट होत नाही. आहे ते टिकतं का, एवढंच बघतील."

तो चिठ्ठी लिहायला लागला. लेक नुसतीच त्याच्या पेनाकडे बघत राहिली.

रफूवालीनं कार्ड टेबलावर ठेवलं. खुर्चीतून वाकून तिनं लेकीची हनुवटी धरली, उजवा डोळा मिटला आणि तो चेहरा ओढून चार बोटांवर आणला.

"आई, अगं काय हे? लोक बघतायत."

"हलू नकोस," आई म्हणाली. "तोंड वाकडं करू नकोस. सरळ बघ माझ्याकडं."

लेक सरळच बघत होती.